बाईंच्या पांढऱ्या लाद्या

परवा मुलाच्या गाडीतून तेल गळलं. फाटकाच्या आत आम्ही नव्या फरश्या बसवून घेतल्यात, फिकट राखाडी रंगाच्या, आणि त्यांच्या बरोबर मधोमध ताटाएवढा काळा डाग. मुलानं आधी मोबाइलमध्ये पाहिलं, मग पाण्याचा पाइप आणला, मग कपडे धुवायची पावडर टाकून खराट्यानं घासायला लागला. मी वर गॅलरीत चहा घेत बसले होते. "अरे, पाणी ओतू नकोस," एवढंच म्हणाले, तर म्हणाला, "आई, तू बस गं निवांत, होतंय हे." अर्ध्या तासात ताटाएवढा डाग परातीएवढा झाला. मग मी चपला घातल्या आणि खाली उतरले. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि ते मला बऱ्यापैकी येतं असं लोक म्हणतात. पण तेलाचा डाग काढणं ही एकच विद्या अशी आहे, की जिच्यावर मी कुणाशीही पैज लावीन. ती मला माझ्या मामांनी शिकवली, आणि शिकवायची वेळ मी माझ्या खुळेपणानं आणली.

मी सदलग्याची. आप्पा तिथल्या हायस्कुलात शिपाई होते. रोज शाळेची घंटा वाजवणाऱ्या त्या माणसाला वाटायचं, की आपल्या पोरीनं चांगल्या मोठ्या शाळेत शिकावं, म्हणून सातवीनंतर त्यांनी मला बेळगावला, अनगोळात, आत्तीकडे ठेवलं. आत्ती म्हणजे आप्पांची थोरली बहीण. तिच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणायची रीत आहे, तेव्हा या हकिकतीतले मामा ते हे. त्यांना मूलबाळ नव्हतं. घर दोन खोल्यांचं, मागं न्हाणी, आणि पुढचं अंगण म्हणजे मामांचं गॅरेज. वर पत्रा, खाली मातीत बसवलेल्या ओबडधोबड फरश्या, भिंतीला टेकवलेली टायरं, आणि दोन-चार पोटं फाडून ठेवलेल्या मोटरसायकली. सकाळी मला जाग यायची ती किक मारल्याच्या आवाजानं. एकदा, दोनदा, पाचदा, मग मामांचा एक कानडी शब्द, जो मला आत्तीनं कधी समजावून सांगितला नाही, आणि मग इंजिन सुरू. गिऱ्हाइकं निम्मी कानडीत बोलायची, निम्मी मराठीत. "ब्रेक हिडियल्ला" म्हणजे ब्रेक धरत नाही, हे मला शाळेतल्या कानडीच्या आधी अंगणातच कळलं. लांबून रेल्वेची शिट्टी ऐकू आली, की आत्ती आतून सांगायची, "फाटक पडलं बघ, आता दहा मिनटं कोण येत न्हाय, जेवून घ्या."

आत्तीचं सारं आयुष्य तेलाशी भांडण्यात गेलं. घराचा उंबरा ही तिची सरहद्द. उंबऱ्याच्या बाहेर कितीही काळं असो, आत एक ठिपका यायचा नाही. तिच्याकडे साबण दोन, टॉवेल दोन, तांबे दोन. चुलीची राख चाळून डब्यात, रिठे भिजवून मडक्यात, धुण्याचा सोडा फडताळात वरच्या बाजूला. संध्याकाळी काम संपलं, की मामा न्हाणीत हात धुवायला बसायचे, आणि तो एक सोहळाच असायचा. आधी थोडं रॉकेल, मग लाकडाचा भुसा चोळायचा, मग बेसन, शेवटी पिळलेल्या लिंबाची साल. आत्ती दारात उभी राहून हुकूम सोडायची. "अवो, अंगठ्याच्या बाजूला. न्हाय, त्या न्हाय, डाव्या." इतकं करूनही नखांच्या कडेला आणि तळव्याच्या रेषांत काळं राहायचंच. ते काळं राहिलंय हे मामांना ठाऊक असायचं, म्हणून ते भाकरी बोटांच्या अगदी टोकांनी मोडायचे. ज्वारीची गरम भाकरी, उडदाचं घुटं, मिरचीचा खरडा आणि कच्चा कांदा. अजून घुट्याचा वास आला, की मला त्यात मागून थोडा पेट्रोलचा वास यावा असं वाटतं. सून हसते, पण त्याला इलाज नाही.

अंगणात तेल सांडायचं ते रोजच. पण मामांचं अंगण दुसऱ्या गॅरेजांसारखं काळंकुट्ट कधी नव्हतं. निपाणीत तंबाखूच्या लॉऱ्यांच्या गॅरेजात ते काम शिकले, तिथल्या उस्तादाचा दंडक होता, की सांडलेलं तेल काढल्याशिवाय पुढच्या नटाला हात लावायचा नाही. मामांनी तो जन्मभर पाळला. तेल पडलं, की लगेच त्यावर भुसा. भुशानं प्यायचं तेवढं पिऊन झालं, की झाडून घ्यायचा. मग राख. मग पुन्हा झाडायचं. पाणी सगळ्यांत शेवटी, आणि तेही कमी. "पाणी घाटलं की तेल पळतंय," मामा म्हणायचे. "आणि घासलं की खाली जाऊन बसतंय. त्याला ढकलायचं न्हाय गं, वर बोलवायचं." मी दप्तर पाठीला लावून शेजारून जायचे आणि हे सगळं अर्ध्या कानानं ऐकायचे. माझं लक्ष कपड्यांना काही लागू नये याच्याकडे.

इथं मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, आणि ती सांगताना आजही मान खाली जाते. मला मामांची लाज वाटायची. मामांची म्हणण्यापेक्षा त्यांच्या हातांची. आमच्या वर्गातल्या मुलींचे वडील कारकून, मास्तर, एकीचे तर पोस्टात साहेब. आठवीत असताना शाळेत पालकांची मीटिंग होती. चिठ्ठी मी घरी दिली ती आत्तीच्या हातात, वाटलं आत्तीच येईल. पण आत्ती म्हणाली, "मला काय कळतंय शाळंतलं? तेंच जातील." त्या शनिवारी मामांनी दुपारीच गॅरेज बंद केलं आणि तासभर हात धुतले. आगपेटीच्या काडीनं एकेक नख कोरलं. धुतलेला पांढरा शर्ट घातला आणि बाहेर येऊन मला विचारलं, "बरं हाय न्हवं?" मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. तळव्यांच्या रेषा तशाच होत्या. मी म्हणाले, "मामा, मीटिंग रद्द झाली. सांगायचं राहिलंच."  "बरं," मामा म्हणाले. शर्ट काढून खुंटीला लावला, आणि पुन्हा जाऊन एका उघड्या इंजिनापाशी बसले. मी घरात जाऊन पुस्तक उघडलं, आणि कितीतरी वेळ एकच पान पाहत बसले.

नववीच्या सहामाहीत मी इंग्रजीत गचकले. शंभरात एकोणीस. आप्पा सदलग्याहून आले, अंगणातल्या एका टायरवर बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे बघ सुजाता, एक स्थळ आलंय. तुझी आई लई मागं लागलीया. मी तिला म्हणलंय, वार्षिकापतोर थांब. पास झालीस तर दहावी हितंच. न्हाईतर दप्तर घ्यायचं नि चलायचं." आप्पा कधी आवाज चढवत नसत, त्यामुळं त्यांनी सांगितलेलं बदलायचं नाही, हे मला माहीत होतं.  

वाट दाखवली आमच्या वर्गशिक्षिकेनं. कॅम्पात मार्थाबाई म्हणून एक निवृत्त शिक्षिका राहत, एका वेळी एकाच मुलीला इंग्रजी शिकवत, तेही फुकट, पण मन मानलं तरच. मला त्यांनी घेतलं. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "चुका कर, हव्या तितक्या कर. उशीर चालेल, एखाद्या वेळी. खोटं बोललेलं मला चालत नाही. ज्या दिवशी कळेल त्या दिवसापासून यायचं नाही." मग आतून बिस्किटं आणली. बाईंचं घर बैठं, कौलारू, पुढं लाकडी खांबांची पडवी, आणि त्या पडवीत पांढऱ्या लाद्या. दुधासारख्या पांढऱ्या. बाईंच्या नवऱ्यानं त्या निवृत्तीनंतर हौसेनं बसवून घेतल्या होत्या आणि पुढच्याच वर्षी ते गेले. बाई स्वतः ओणव्या होऊन त्या नुसत्या ओल्या फडक्यानं पुसायच्या, मोलकरणीला हात लावू देत नसत. आम्ही तिथंच खुर्च्या टाकून बसायचो. मी अनगोळाहून सायकलनं जायचे. ती सायकल मामांनी तीन मोडक्या सायकलींची मिळून केली होती, आणि ती आवाज मात्र तिन्ही सायकलींचा करायची.

चार महिन्यांत मला इंग्रजीची भीती वाटेनाशी झाली. वाक्य कुठं सुरू होतं आणि कुठं जातं ते दिसायला लागलं. मला बाईंना काहीतरी द्यावंसं वाटे. पण देणार काय? आत्तीनं दिलेली शेंगदाण्याची चटणी देऊन झाली होती, सदलग्याचा गूळ देऊन झाला होता. तशात बाईंना बहिणीकडे खानापूरला जायचं झालं. गुरुवारी सकाळी जाणार, मंगळवारी येणार. पडवीच्या जाळीच्या दाराची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. "कुंड्यांना पाणी घाल रोज. एवढंच." एवढंच म्हणाल्या होत्या. पण मला वाटलं, हीच संधी.

आमच्या सदलग्याच्या घरात शहाबादी फरशी आहे. जयंतीच्या आदल्या दिवशी आणि बुद्धपौर्णिमेला आई तिला तेल लावायची. निम्मं शेंगतेल, निम्मं रॉकेल, जुन्या धोतराचं फडकं, आणि आम्ही सगळी भावंडं ओळीनं गुडघ्यांवर. लावून झालं, की फरशी काळीभोर चमकायची, भिंतीवरच्या दोन्ही तसबिरी तिच्यात उलट्या दिसायच्या. आमच्या भागात अजूनही कितीतरी घरांत हे करतात. घर सजवणं म्हणजे फरशीला तेल लावणं, याच्यापलीकडे मला माहीत नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी मी आत्तीच्या नकळत बाटलीत तेल आणि रॉकेल घेतलं, बाईंच्या पडवीत गेले, आणि मधल्या नऊ लाद्या मनापासून चोळल्या. त्या वेळी त्या खरोखर चमकल्या. उरलेल्या उद्या करू म्हणून मी गाणं गुणगुणत घरी आले.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर गेले, जाळीचं दार उघडलं, आणि जागच्या जागी खिळले. नऊच्या नऊ लाद्या पिवळसर काळपट झाल्या होत्या, तळणीखालच्या कागदासारख्या. काळी फरशी तेल अंगावर घेते आणि मिरवते. पांढरी लादी ते पिऊन टाकते. हे आज मी एका वाक्यात लिहिते, पण त्या दिवशी मला वाटलं बाईंच्या घराला काही रोग झालाय. मग मी नेमकं तेच केलं, जे परवा माझ्या मुलानं केलं. बाहेरच्या नळाचं पाणी, साबणाची पावडर, कुंचा. दोन तास घासलं. डागांच्या कडा पसरून शेजारच्या लाद्यांत शिरल्या. तळहात सोलून निघाले. बाई येतील, बघतील, आणि मला दुसऱ्या दिवसापासून दार बंद होईल. मग वार्षिक परीक्षा, मग आप्पा, मग ते स्थळ. एकामागून एक सगळं मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

घरी येऊन मी आत्तीच्या मांडीत डोकं घातलं आणि सगळं सांगितलं. आत्तीनं ऐकून घेतलं, कपाळावर हात मारला, आणि म्हणाली, "अगं खुळे, मला कशाला सांगतीस? ज्याला कळतंय त्याला सांग की." मी म्हणाले, "मामांना नको." आत्तीनं माझ्याकडे जरा रोखून पाहिलं, मग तिथूनच हाक मारली, "अवो, जरा आत या. पोरीनं घोळ घाटलाय."

मामा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. हसले नाहीत, रागावले नाहीत. लादी कुठली, तेल कुठलं, किती वेळ झाला, पाणी किती ओतलं, एवढं डॉक्टरासारखं विचारून घेतलं. पाण्याचं ऐकल्यावर मात्र त्यांनी जीभ चावली. "रोज अंगणात काय बघत हुतीस गं?" म्हणाले. "बाई कवा येणार?"

"मंगळवारी."

"हं. तीन लेप बसतील. उद्या सकाळी जाऊ."

शनिवारी सकाळी मामांनी गॅरेज उघडलंच नाही. माझ्या मागून ते आपल्या गाडीवरून आले. पिशवीत ट्यूबला लावायची पांढरी पावडर, आत्ती जिला शंखजिरं म्हणायची ती, बाटलीत पेट्रोल, प्लास्टिकचा कागद आणि एक लाकडी पट्टी. बाईंच्या फाटकाबाहेरच त्यांनी चपला काढल्या. पायऱ्या चढण्याआधी पाय पुसले, हात पुन्हा पुसले, आणि पडवीत धुतलेलं पोतं अंथरून त्याच्यावरच पाऊल ठेवलं. लादीवरून बोट फिरवून पाहिलं. मग पावडरीत पेट्रोल घालून थालीपिठाच्या पिठाएवढं घट्ट कालवलं, डागावर बोटभर जाड थापलं, वर प्लास्टिक टाकून कडेनं दगड ठेवले. "आता ह्याला हात लावायचा न्हाय. उद्यापतोर. पेट्रोल आत जाऊन तेलाला सोडवतंय, आणि पावडर त्येला वर वढून घेती. आपलं काम निस्तं थांबायचं." मी विचारलं, "जाईल ना, मामा?" ते म्हणाले, "जाईल की. आपण घाई न्हाय केली तर."

रविवारी सकाळी प्लास्टिक काढलं. पांढरा लेप पिवळा पडला होता. मामांनी तो पट्टीनं हलक्या हातानं खरवडून काढला, आणि खालची लादी निम्म्यानं उजळलेली दिसली. मला रडूच आलं. मामांनी दुसरा लेप कालवायला घेतला. या वेळी थापायला मलाही बसवलं. "दाबू नगं. ठेव निस्तं." शेजारी शेजारी बसून आम्ही थापत होतो, आणि मी पहिल्यांदा ते हात नीट पाहिले. जाड, तुटक्या नखांचे, आणि इतके हळू, की लादीला कळूही नये. बाईंच्या एकाही वस्तूला त्यांचा स्पर्श झाला नाही. तहान लागली तर बाहेर जाऊन नळाला ओंजळ लावून प्यायले.

सोमवारी सकाळी आम्ही तिसरा लेप थापत असताना फाटकापाशी रिक्षा थांबली. बाई एक दिवस आधी परतल्या होत्या. हातात पिशवी, डोक्यावर छत्री. त्या पायरीपर्यंत आल्या आणि थबकल्या. पडवीत पोतं, प्लास्टिक, दगड, पेट्रोलचा वास, आणि गुडघ्यांवर बसलेला एक अनोळखी माणूस.

"हे काय चाललंय?"

 मामा उठून उभे राहिले, पोत्यावरच. "बाई, मी हिचा मामा. पोरीला सोडाय आलतो. माझ्या हातात तेलाचा डबा हुता, निसटला. सगळं सांडलं. पोरीचा काय दोष न्हाय ह्यात. आजच्या दिवसात निघंल सगळं."

बाईंनी मामांच्या हातांकडे पाहिलं. फक्त हातांकडे. आणि त्यांना ते सगळं पटलं. पटलेलं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "तुम्ही वर कशाला आलात?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "बाहेरून हाक मारायची. तुमच्या कामाचे डबे घेऊन लोकांच्या घरात…" त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि माझ्याकडे वळल्या. "किल्ली मी तुला दिली होती, सुजाता. पुढच्या वेळी लक्षात ठेव."

पुढच्या वेळी. म्हणजे पुढची वेळ होती. शिकवणी वाचली होती, परीक्षा वाचली होती, ते स्थळ परत गेलं होतं. मला फक्त गप्प बसायचं होतं. बाईंनी पर्समधून आतल्या दाराची किल्ली काढली. मामा पुन्हा खाली बसले आणि राहिलेला लेप तसाच, न थांबता, हळू हळू थापू लागले. मी उभी होते. किती वेळ ते मला आजही सांगता येणार नाही. कुलूप उघडल्याचा आवाज आला. बाई आत गेल्या, पिशवी ठेवली, पंखा लावला, पाणी प्यायल्या. तेवढा सगळा वेळ मी गप्प होते, आणि ते मी इथं लिहून ठेवते आहे, कारण नाहीतर मी फार चांगली मुलगी होते असं कुणाला वाटेल. मग मामांनी हात झटकले आणि सवयीनं शर्टाच्या टोकाला पुसले. तो तोच पांढरा शर्ट होता, मीटिंगचा. बाईंच्या घरी यायचं म्हणून तीन दिवस ते तोच घालून येत होते आणि मला ते आत्ता दिसलं.

मी आत गेले. "बाई, ते मी केलं."

"काय?"

"तेल मी लावलं. मामा नव्हतेच. मी मुद्दाम लावलं. चमकावं म्हणून. घरी आम्ही जयंतीला असंच लावतो, आमची फरशी काळी आहे. मामा डाग काढायला आलेत. शनिवारपासून रोज येतात."

बाईंनी हातातला पेला खाली ठेवला. मग बाहेर आल्या, आणि पडवीच्या पायरीवर, तिथंच, बसल्या. बाहेरगावच्या चांगल्या साडीनिशी. "मामा," त्या म्हणाल्या, "तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

"व्हय, बाई."

"का?"

"पोरीची शिकवणी मोडू नये म्हणून. तेलाचं काय, माझ्या अंगावर खपून जातंय."

बाईंनी लाद्यांकडे पाहिलं. "आणि मी ते लगेच खरं मानलं," त्या म्हणाल्या. "एक प्रश्न विचारला नाही. चुकलं माझं." मामांनी लेपावर प्लास्टिक ओढलं. ते म्हणाले, "उद्या सकाळपतोर हात लावू नका, बाई." बाईंना हसू आलं. त्या आत गेल्या आणि तीन कप चहा घेऊन आल्या, तिन्ही एकाच जोडातले. मामा पोत्यावरून उठेनात. बाई पुन्हा पायरीवर बसल्या आणि शेजारची जागा हातानं दाखवली. मग मामा जाऊन बसले. कप त्यांनी रुमालात धरला होता. लेप म्हणजे काय, पेट्रोल कशाला, पावडर कुठली, हे सगळं बाईंनी खोदून खोदून विचारलं, आणि मामा, जे घरात दिवसाला दहा वाक्यं बोलत, ते अर्धा तास बोलत राहिले. बाईंनी मला काहीही शिक्षा केली नाही. फक्त म्हणाल्या, "खोटं बोलणाऱ्याला मी शिकवत नाही. तू बोलली नाहीस. आणि त्यांना मी शिकवत नाही." दुसऱ्या दिवशी एक सोडून सगळ्या लाद्या स्वच्छ निघाल्या. त्या एका लादीत रुपयाएवढी पिवळी सावली राहिली. मामा चौथा लेप द्यायला तयार होते. बाई म्हणाल्या, राहू दे. वार्षिकाला मला इंग्रजीत त्रेसष्ट पडले, आणि आप्पा गूळ घेऊन बाईंच्या पाया पडायला आले.

बाई गेल्या, आत्ती गेली, मामाही गेले. या तिघांचं माझ्यावर इतकं आहे, की मी ते कशात मोजू? आमच्या घरात कुणी कुणाला धन्यवाद म्हणत नसे, तसा शब्द कुणी उच्चारला असता तर आत्ती म्हणाली असती, काय झालं गं तुला. म्हणून मी म्हटलं नाही. आता लिहिते आहे. मी त्यांची ऋणी आहे, आणि ते ऋण मला कधी जड वाटलं नाही.

पुढं मी शिकले, आणि निपाणीच्या एका शाळेत इंग्रजीची शिक्षिका म्हणून लागले. रुजू व्हायच्या दिवशी मामा म्हणाले, मी सोडतो. गाडीवर मागं बसून मी बेळगावहून निपाणीपर्यंत गेले, नवी साडी दोन्ही हातांनी धरून. शाळेसमोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. शाळा अजून भरायची होती, मैदानात पोरं पळत होती. मामा कपाकडे बघत म्हणाले, "एक इचारू? त्या दिवशी बाईंच्या दारात लई वेळ गप बसलीतीस."

"व्हय, मामा."

"मी खाली मान घालून म्हणत हुतो, बोलू नगं पोरी, जमलंय सगळं, बोलू नगं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मग तू बोललीस. घरला जाऊस्तवर मला लई बरं वाटत हुतं."

 मग मी ते बोलले, जे इतक्या वर्षांत बोलले नव्हते. "मामा, ती आठवीतली मीटिंग…"

"झालती," मामा म्हणाले. "ठावं हाय. त्याच दिवशी एकाची गाडी बघाय शाळंवरनं गेलतो. लई गर्दी हुती आत."

म्हणजे बाईंच्या पडवीत माझं तेल स्वतःच्या अंगावर घेतलं, तेव्हा हे त्यांना ठाऊक होतं. तीन दिवस गुडघ्यांवर बसले, तेव्हाही ठाऊक होतं. मामांनी कप ठेवला, गाडीची किल्ली काढली. "चल, घंटा व्हईल तुझी. मी निघतो."

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. नखं काडीनं कोरलेली होती, बोटांना लिंबाचा वास होता. पहाटे तासभर बसले असणार न्हाणीत, मला फाटकापर्यंत सोडायला. मी त्यांच्या हातातली किल्ली काढून घेतली आणि त्यांचा हात धरला. मैदानातली पोरं थांबून बघायला लागली. तसाच धरून मी त्यांना मुख्याध्यापकांच्या खोलीत नेलं. "सर, हे माझे मामा," मी म्हणाले. "माझे पालक म्हणून कुणी यायचं झालं, तर हेच येतील."